पावसाचा हिशेब

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला पाऊस आधी आकडा म्हणून दिसतो आणि पाणी म्हणून नंतर. मंडल कार्यालयाच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक असतो. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी काचेच्या मापात ओतायचे, मिलिमीटर वाचायचे, नोंदवहीत लिहायचे आणि जिल्ह्याला कळवायचे. या नोंदवहीवर मी किती सह्या केल्या असतील याची गणती नाही. दुष्काळ जाहीर करायचा तो या आकड्यांवरून, नुकसानभरपाई नाकारायची तीही या आकड्यांवरूनच. मात्र या साऱ्या वर्षांत पावसात सलग तासभर उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला. पाऊस सुरू झाला की शिपाई छत्री घेऊन येई.

निवृत्तीनंतर, २०१८ च्या जुलैत, मी पन्हाळा ते विशाळगड हा रस्ता पायी चाललो. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत पावसाचे जे शिक्षण झाले त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. लिहायला इतका उशीर झाला, कारण त्या चालण्यात एक जुना प्रसंग गुंतलेला आहे आणि तो मला भूषणावह नाही.

पावनखिंडीची कथा मी प्रथम ऐकली ती हैदराबादेत, जांबागेतल्या विवेकवर्धिनीच्या वर्गात. आमचे इतिहासाचे गुरुजी ती दोन तासिका पुरवून सांगत. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला पडलेला वेढा, आषाढी पौर्णिमेची रात्र, दोन पालख्या, शिवा काशीदचे बलिदान आणि घोडखिंडीतले बाजीप्रभू. खिडकीबाहेर रिक्षांचे भोंगे वाजत असायचे आणि आम्ही पोरे सह्याद्रीतल्या चिखलात असायचो. आमच्यापैकी निम्म्या मुलांनी तोवर सह्याद्री पाहिलेलाही नव्हता. सिद्दी जौहर म्हणजे कुठून तरी आलेला एक दुष्ट सरदार, एवढेच आमच्या लेखी त्याचे अस्तित्व होते.

पुढे माझी नेमणूक दोन वर्षे कर्नूलला झाली. रोज कचेरीत जाताना कोंडारेड्डी बुरूज दिसे. तिथेच एका सुट्टीच्या दुपारी वाचता वाचता लक्षात आले की हा सिद्दी जौहर कर्नूलचाच. कर्नूल ताब्यात ठेवून बसलेल्या या सरदाराला आदिलशाहाने सलाबतखान असा किताब दिला आणि शिवाजी महाराजांवर धाडले. मार्च १६६० मध्ये त्याने पन्हाळ्याला वेढा घातला. पावसाळा आला की वेढा उठेल असा सर्वांचा कयास होता, कारण त्या मुलखात पावसाळ्यात फौजा छावणी उठवीत. जौहरने ती उठवली नाही. त्याने सैनिकांसाठी छपऱ्या घातल्या आणि भर पावसात वेढा चालू ठेवला. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन नावाचा इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन आला, ते निराळेच.

कर्नूलला वर्षाकाठी पाऊस पडतो साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास. पन्हाळ्याहून पश्चिमेकडे चालू लागले की दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस वाढत जातो. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास असलेला आकडा गगनबावड्याला पाच हजारांच्या घरात पोचतो. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्याला अडतात, वर चढतात, थंडावतात आणि तिथेच रिते होतात, आणि उरलेसुरले आमच्या तेलंगणाच्या वाट्याला येते. कोरड्या मुलखातून गेलेल्या त्या सरदाराने तसल्या पावसात चार महिने तळ कसा धरला असेल, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता. इतिहासाचा प्रश्न म्हणून तो काही मोठा नव्हे. रोज पाऊस मोजणाऱ्या माणसाचे ते एक कुतूहल होते.

माझ्या पत्नीचे धाकटे बंधू कोल्हापूरला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवीत असत. हा रस्ता त्यांनी अनेकदा तुडवलेला. निवृत्तीनंतर त्यांचे निमंत्रण आले, “भाऊजी, आता सबब नाही. या जुलैत यायचंच.” पत्नीने गुडघ्यांची आठवण करून दिली. मी तयारी म्हणून महिनाभर रोज पहाटे गोवळकोंड्याला जाऊन बालाहिसारच्या पायऱ्या चढू लागलो. पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून नऊ किलो तांदूळ भरलेले. तिथल्या पहारेकऱ्याने आठवडाभर हे पाहिले आणि शेवटी न राहवून विचारले, “क्या साब, ऊपर चावल बेचने को जारे क्या?” घरी हे सांगितल्यावर बायकोला हसू आवरेना. परंतु गुडघ्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

रात्रीच्या बसने सोलापूर आणि तेथून मिरजमार्गे कोल्हापूर असा प्रवास करून मी पोचलो. १२ जुलैला सकाळी आम्ही चौघे पन्हाळ्यावर होतो. मी, मेहुणे आणि त्यांचे दोन तरुण माजी विद्यार्थी. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांना नमस्कार करून राजदिंडीने उतरू लागलो. महाराज याच वाटेने उतरले असे मानतात. दिंडी उतरताना आकाश स्वच्छ होते, ऊनसुद्धा होते. मी मनातल्या मनात नोंद केली, “निरंक.” म्हाळुंग्याच्या पुढे मसाई पठाराचा चढ लागेपर्यंत ती नोंद टिकली.

मसाईचे पठार मैलोन्मैल पसरलेले आहे. झाड जवळजवळ नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा दूरवर मसाई देवीचे देऊळ दिसत होते. पाच मिनिटांत ते दिसेनासे झाले. पुढच्या पाच मिनिटांत समोर चालणारे मेहुणेही दिसेनासे झाले. पठारावर पाऊस वरून पडतच नाही, तो आडवा येतो, आणि कधी कधी कड्यावरच्या वाऱ्याबरोबर खालून वरही येतो. छत्रीचा उपयोग शून्य. रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत शिरले आणि बाहीतून बाहेर पडू लागले. मेहुणे शिट्टी वाजवायचे आणि आम्ही तिच्या रोखाने चालायचे. मध्येच धुके फाटले, लख्ख ऊन पडले, हिरव्यागार गवतावर जांभळी-पांढरी फुले चमकली, आणि दोन तरुणांपैकी एक कॅमेरा बाहेर काढीपर्यंत पुन्हा सारे पुसले गेले. तासाभरात असे चार वेळा झाले. माझ्या नोंदवहीत त्या दिवसाला एकच रकाना असता आणि त्यात एकच आकडा. तो आकडा बरोबर असता, पण त्यातून त्या तासाचे काहीही कळले नसते.

कुंभारवाडी, खोतवाडी अशा वाड्या मागे टाकत संध्याकाळी करपेवाडीला पोचलो. मध्ये भाताची खाचरे. बांधावरून चालताना पाय घसरला की पोटरीपर्यंत चिखल. रानात जळवा. पायमोजे काढले तेव्हा सात निघाल्या, यजमानांच्या नातीने मीठ टाकून त्या सोडवल्या आणि मोठ्याने मोजल्या. एका घराच्या सोप्यात आम्हाला जागा मिळाली. चुलीशेजारी कपडे वाळत टाकले, ते वाळले नाहीत, मात्र त्यांना धुराचा वास लागला. नाचणीची भाकरी, पिठले आणि लसणीची चटणी. गुडघा सुजला होता.

त्या रात्री पडल्या पडल्या मी पालखीचा विचार करीत होतो. आपण ही कथा ऐकतो तेव्हा पालखीत कोण बसले होते हे आपल्याला ठाऊक असते. पालखी वाहणाऱ्यांचा विचार सहसा मनात येत नाही. माझ्या पाठीवर नऊ किलो होते, हातात काठी होती, दिवसाचा उजेड होता आणि मला बांधावर बसून घ्यायची मुभा होती. त्या भोयांच्या खांद्यावर दांडा होता, रात्र होती, आणि एकाचा पाय घसरला तर बाकीच्यांचा तोल जाणार होता. सोबत सहाशे माणसे चालत होती असे इतिहास सांगतो. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? आणि ती रात्र पौर्णिमेची होती. म्हणजे ढग विरले असते तर सारा डोंगरउतार चांदण्यात उघडा पडला असता. शरणागतीच्या बोलण्यांमुळे वेढ्याचा पहारा सैलावला होता, तरी आकाशाचा भरवसा कोणी द्यावा? पाऊस त्यांना हवाही होता आणि नकोही होता. हवा होता तो दिसू नये म्हणून, नको होता तो पाय घसरू नये म्हणून. पाऊस महाराजांच्या मदतीला धावला असे आपण सहज लिहून जातो. त्या चिखलात एक दिवस चालल्यावर मला तसे लिहिण्याचे धाडस होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा पाऊस होता. आंबेवाडी मागे पडेपर्यंत तो ओसरला. दुपारी तर स्वच्छ ऊन पडले, अंगावरचे कपडे वाफाळू लागले. मेहुण्यांचा हिशेब असा होता की संध्याकाळच्या आत पांढरेपाणी गाठायचे आणि तिथून पावनखिंडीत. १३ जुलै हा त्या लढाईचा दिवस. त्या दिवशी खिंडीत ठिकठिकाणाहून आलेल्या तुकड्या जमतात, मानवंदना होते. “भाऊजी, तेराव्या तारखेला खिंडीत उभं राहणं निराळंच,” असे ते सकाळपासून दोनदा म्हणाले होते. मलाही ते हवे होते. विवेकवर्धिनीच्या बाकावरून निघालेला प्रवास त्या तारखेलाच पुरा व्हावा अशी माझी फार इच्छा होती.

वाटेत एक ओढा लागला. वाटेवर तोवर दहाबारा ओढे लागून गेले होते, त्यांतलाच हा एक. पाणी गुडघ्याच्या वर, पण मांडीच्या खाली. रुंदी फार तर वीस पावले. तरुणांनी दोर काढला, एक जण पलीकडे जायला सज्ज झाला. अलीकडच्या टेपावर एक वृद्ध धनगर म्हशी घेऊन बसला होता, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला. ऊन असून त्याने खोळ उतरवली नव्हती. त्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला,

“पाव्हणं, आत्ता जाऊ नगासा. पानी यायचं हाय.”

मेहुण्यांनी आकाशाकडे बोट दाखवले. “बाबा, ऊन पडलंय की.”

“हितं पडलंय. वर काळं हाय. पाला बघा की पान्यातला.”

आम्ही पाहिले. पाण्यावरून हिरवी पाने, काटक्या आणि बारीक फेस वाहत येत होता. पाणी गढूळ होते, पण पावसाळ्यात ते गढूळच असते. मेहुणे घड्याळ पाहत होते. “दहा मिनिटांचं काम आहे,” ते म्हणाले. भूगोलाच्या शिक्षकाला वरच्या अंगाला पडणाऱ्या पावसाचा अर्थ कळत नव्हता असे नाही. त्यांचा हिशेब एवढाच होता की पाणी यायचे तेव्हा येईल, तोवर आपण पलीकडे असू. आणि तो हिशेब चुकीचा होता असे मी आजही म्हणू शकत नाही.

पण माझे पाय उचलेनात. त्याचे कारण गुडघा नव्हता.

नोकरीच्या सातव्या वर्षी मी रायलसीमेतल्या एका मंडलात अधिकारी होतो. मंडलाचे नाव मुद्दाम देत नाही. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी वागूकाठच्या एका गावचा चाकरीवाला माणूस कार्यालयात आला. तेलुगूत ओढ्याला वागू म्हणतात. तो चार मैल चालत आला होता. म्हणाला, “सार, वागूचा आवाज बदलला आहे. रात्री पाणी येईल. खालच्या वाड्यातल्या लोकांना शाळेत हलवायला सांगा.” मी नोंदवही उघडली. सकाळची नोंद होती चार मिलिमीटर. मी त्याला ती दाखवली. त्याला वाचता येत नव्हते, तरी दाखवली. “चार मिलिमीटरला पूर येत नाही,” असे मी त्याला समजावून सांगितले, सौजन्याने सांगितले, चहाही पाजला आणि परत पाठवले. माझा पर्जन्यमापक माझ्या आवारातला पाऊस मोजत होता. वागू तीस मैलांवरच्या डोंगरातून येत होता.

रात्री दोन वाजता पाणी आले. लोक आपण होऊन शाळेच्या छपरावर चढले. मनुष्यहानी झाली नाही, हे माझे नशीब. झोपड्या गेल्या, जनावरे गेली. त्या माणसाचे स्वतःचे दोन बैल गेले. तो माझ्या कार्यालयात असताना ते खालच्या वाड्यात दाव्याला बांधलेले होते, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्याने ते परतल्यावरही सोडले नाहीत. पंचनाम्याच्या वेळी तो माझ्यासमोर उभा होता. एक शब्दही बोलला नाही. मी भरपाईचा अर्ज स्वतः भरून दिला, तो मंजूरही झाला. कोणी चौकशी केली नाही, कारण चूक कागदावर कुठेच नव्हती. कागदावर चार मिलिमीटर होते आणि ते खरे होते.

ओढ्याच्या काठी मी मेहुण्यांना म्हणालो, “मी जात नाही. तुम्ही जा, मी मागून येईन.”

अर्थात ते मला सोडून जाणार नव्हते. ते रागावले. माझ्यावर ते तसे कधी रागावत नाहीत. “भाऊजी, बाजीप्रभू असे थांबले असते तर?” असे ते बोलून गेले. तरुण दुसरीकडे पाहू लागले. मी उत्तर दिले नाही. त्यांना तो जुना प्रसंग ठाऊक नव्हता. तोवर तो घरातही कोणाला ठाऊक नव्हता.

आम्ही सॅका उतरवून टेपावर बसलो. पहिली पंधरा मिनिटे काहीच झाले नाही. ऊन तसेच होते. मेहुणे घड्याळाकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे पाहणे टाळत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ओढ्याचा आवाज बदलला. आधीचा खळखळाट थांबून एक जाड, खालचा सूर लागला. तो ऐकताच माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या चाकरीवाल्या माणसाने याच शब्दांत सांगितले होते, आणि आवाज बदलणे म्हणजे काय हे मला इतक्या वर्षांनी प्रथम कळत होते. मग तांबडे पाणी आले. त्याबरोबर एक आख्खा ओंडका आला, दगडावर आपटला, उभा राहिला आणि पुढे गेला. ज्या दगडाला दोर बांधायचे ठरले होते तो दिसेनासा झाला.

मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग वृद्धाला म्हणाले, “बाबा, तेव्हाच निघालो असतो तर पार गेलो असतो की.”

वृद्धाने विचार केला. “गेला असता बी,” तो म्हणाला. “न्हाईतर न्हाई.”

इतके सरळ उत्तर मी नोकरीत कोणाला दिल्याचे आठवत नाही. आमच्या टिप्पण्यांत एक तर “धोका नाही” असे तरी असे, नाहीतर “धोका संभवतो” असे तरी.

पाणी उतरेपर्यंत अंधार झाला. वृद्धाने आम्हाला आपल्या धनगरवाड्यावर नेले. पावसाने पुन्हा धरले होते. त्या रात्री अमावास्या होती, इतका गडद काळोख मी आजवर पाहिलेला नाही. म्हशींच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत आम्ही बसलो. म्हातारीने दूध तापवून दिले. तिथे, त्या काळोखात, मी तो बैलांचा प्रसंग मेहुण्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. “दुपारी मी जरा जास्तच बोललो, भाऊजी,” एवढेच म्हणाले. नंतर थोड्या वेळाने आपणहून म्हणाले की महाराजांच्या लोकांनीही ही वाट कोणाला तरी विचारूनच ठरवली असणार. कोणता ओढा रात्री उतरू देतो, कोणता नाही, हे हेरांना सांगणारा कोणी तरी असाच टेपावर म्हशी राखत बसलेला असेल. हे कुठे लिहिलेले नाही. पण पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीची ती वाट, आषाढातल्या रात्री, पालखीसह, एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात पार होते, ती नुसत्या शौर्यावर होत नाही. शौर्य खिंडीत लागले. खिंडीपर्यंत पोचायला वाट ठाऊक असणारी माणसे लागली.

वृद्धाने मला गाव विचारले. हैदराबाद म्हटल्यावर त्याने विचारले, “तिकडं पाऊस हाय का?”

मी म्हणालो, “थोडका. पण तुमचाच पाऊस आमच्याकडे येतो.” मग त्याला सांगितले. इथले ओढे कासारीला मिळतात, कासारी पंचगंगेला, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला. कृष्णा कर्नाटकातून आमच्या मुलखात उतरते, तुंगभद्रेला घेऊन श्रीशैलमच्या धरणात आणि तिथून नागार्जुनसागरात जाते. आणि २००४ पासून नागार्जुनसागरचे पाणी नळाने हैदराबादेत येते. आमच्या घरच्या माठात या ओढ्याचा काही थेंबांचा तरी वाटा असणार.

त्याने लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, “किती दिसात पोचतंय?”

मला सांगता आले नाही. धरणांची पातळी, दारांची संख्या, विसर्ग हे सारे मी वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. इथे पडलेले पाणी आमच्याकडे किती दिवसांनी येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. “बघून सांगतो,” असे मी जुन्या सवयीने म्हणालो आणि माझे मलाच हसू आले.

तिसऱ्या दिवशी पाटेवाडीवरून पांढरेपाणी गाठले आणि दुपारी पावनखिंडीत उतरलो. तारीख १४ झाली होती. आदल्या दिवसाची गर्दी पांगली होती. चिखलात असंख्य पावलांचे ठसे होते आणि स्मारकापाशी वाहिलेली फुले पावसाने पसरून गेली होती. लोखंडी जिन्याने खाली उतरले की दोन्ही बाजूंना काळे कातळ आणि मधून वाहता ओढा. खिंड म्हणून जे चित्र लहानपणापासून मनात होते त्याहून ती लहान आहे. बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे इथे उभे राहिले. रात्रभर चालून आलेली, भिजलेली, न झोपलेली माणसे. माझे दोन दिवस सावकाश चालून, पोटभर खाऊन, तीन ठिकाणी टेकून झाले होते, तरी जिना उतरताना कठडा सुटत नव्हता. त्या पायांनी ती माणसे लढायला उभी राहिली, हे मला तिथे पहिल्यांदा समजले. अकरा-बारा वर्षांचा असताना ऐकलेल्या कथेचा अर्थ लागायला साठी उलटावी लागली नसती, तर बरे झाले असते.

मेहुण्यांनी ओंजळीत पाणी घेतले, बाजूला टेकले. तारीख हुकल्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. चौथ्या दिवशी विशाळगडावर बाजी आणि फुलाजी या बंधूंच्या समाधींचे दर्शन घेऊन आम्ही परतलो. तिथे मला जौहरची आठवण झाली. पुढे सप्टेंबरात पन्हाळा त्याच्या हाती आला, तरी महाराज निसटले याबद्दल आदिलशाहाने त्याच्यावरच संशय धरला. चार महिने पावसात तळ धरून बसलेल्या माणसाच्या नावावर अखेर एकच नोंद राहिली, ती त्या एका रात्रीच्या ढिलाईची.

हैदराबादला परतल्यावर महिनाभराने मी त्या मंडलातल्या त्या गावी गेलो. तो माणूस वारला होता. त्याचा मुलगा भेटला, पन्नाशीचा. मी कोण हे सांगितले, त्या रात्रीचे विचारले. पुराची रात्र त्याला पक्की आठवत होती, तेव्हा तो विशीत होता. बैलांची नावे त्याने लगेच सांगितली. एक रामुडू आणि एक लक्ष्मणुडू. वडील त्या संध्याकाळी मंडल कार्यालयात गेले होते का, असे मी विचारले. त्याने डोके खाजवले. “गेले असतील, सार. आठवत नाही.”

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितले. त्याने ऐकले, आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाला, “त्या वेळी सगळ्यांचेच काही ना काही गेले, सार.” हे क्षमा करणे होते की विषय संपवणे होते, मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

घराच्या गच्चीवर मी आता एक साधे काचेचे माप ठेवले आहे. सवय जात नाही. सकाळी साडेआठला वाचतो आणि एका वहीत लिहितो. त्या आकड्याशेजारी एक रकाना नव्याने आखला आहे. त्या दिवशी वर, घाटमाथ्यावर, काय चालले आहे ते मी मेहुण्यांना फोन करून विचारतो आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो. “सकाळी ऊन, वर काळे.” “आवाज मोठा.” “पाल्याबरोबर फेस.” या रकान्याची बेरीज करता येत नाही. वृद्धाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. पाटबंधाऱ्यातल्या एका स्नेह्यांना विचारले, तर ते म्हणाले की धरणे मध्ये आल्यावर तसे दिवस सांगता येत नाहीत, एक थेंब आठवड्यात येईल, एक पुढच्या वर्षी. पुन्हा त्या वाटेला जाणे झाले तर हेच सांगावे लागेल. तो म्हणेल, “येईल बी. न्हाईतर न्हाई.”